भरीन

मुलाखतीला आलेली माणसं हमखास विचारतात, "अभिनय कुठे शिकलात?" मी सांगते, लूमच्या कारखान्यात. ती हसतात, त्यांना वाटतं बाई गंमत करतेय, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. म्हणून आता हे एकदाचं लिहूनच काढते, म्हणजे दर वेळी तोंड वाजवायला नको.

भिवंडीत, कामतघरला, आमच्या चाळीच्या भिंतीला भिंत लावून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. लूम चालू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलात तरी त्याला ऐकू जात नाही, म्हणून तिथे कुणी ओरडतच नाही. आवाज काढायचाच नाही. ओठ स्वच्छ हलवायचे, जोडीला भुवया आणि एक हात, आणि समोरचा बरोबर समजतो. चहा सांग, धागा तुटला, शेट आला, बायको रुसून गावाला गेली, सगळं. तेलंगणाची माणसं, उत्तरेकडची माणसं आणि आमच्यासारखे शहापूर-वाड्याकडून आलेले कुणबी, सगळ्यांची ही एकच बोली. माझे बाबा तिथेच लूम चालवायचे. त्यांचे कान लूमने कधीच खाऊन टाकले होते, त्यामुळे घरातही आम्ही त्यांच्याशी असंच बोलायचो. मी बोलायला शिकले तेव्हा दोन्ही एकदम शिकले, आवाजाचं आणि बिनआवाजाचं.

आई आधी त्याच कारखान्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती आडव्या सुताची नळी. पुढे तिला धामणकर नाक्यावरच्या एका पतपेढीचं पिग्मीचं काम मिळालं. पिग्मी म्हणजे रोजची चिल्लर बचत, एजंटाने दारोदार फिरून गोळा करायची. आई दुपारी चारला, खांद्याला पिशवी अडकवून, ओळीने कारखाने करायची. माणूस एक डोळा लूमवर ठेवून खिशातून नोट काढायचा आणि किती ते ओठांनी सांगायचा. या माणसांना बँकेत कुणी उभं करत नव्हतं. गावचा पत्ता चालत नाही आणि चाळीचा पत्ता कुणी लिहून देत नाही. पतपेढीचे संचालक कोण, अध्यक्ष कोण, त्यांना काही ठाऊक नव्हतं. "भाभी, हम तो आपका मुँह देखके देते हैं," असं ते म्हणायचे. आईला याचा भारी अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होता.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा एका सोमवारी पतपेढीचं शटर उघडलंच नाही.

पतपेढी बुडाली, असं लोक म्हणतात. मला त्या शब्दाचाच राग येतो. बुडते ती होडी. पतपेढी कुणीतरी बुडवावी लागते, आणि ते मेहनतीचं काम आहे. आपल्या मेव्हण्याच्या नावावर कर्ज काढा, मेव्हण्याच्या भागीदाराच्या नावावर काढा, कागदावर उभ्या असलेल्या इमारतीला कर्ज द्या, आणि दर वर्षी सभेत पेढे वाटून अहवाल मंजूर करून घ्या. हे सगळं पुढे पेपरात आलं. तोवर शटरवर एक कागद चिकटला होता, त्यावर शिक्का होता. खातेदारांनी मूळ पासबुक आणि तीन प्रती घेऊन अमुक ठिकाणी फॉर्म भरावा. कारखान्यातल्या माणसाने फॉर्म भरायला जायचं म्हणजे पाळी बुडवायची. तरी गेले बिचारे. चौकशी चालू आहे, असं सांगितलं. ती अजून चालू आहे.

त्या सोमवारी आई चार वाजता पिशवी घेऊन निघाली. मी म्हटलं, आज कशाला? ती चपला सरकवून चालू लागली. मी मागोमाग गेले. बाबांच्या कारखान्यात बातमी तिच्या आधीच पोचली होती. ती आत गेली आणि लूमच्या दोन रांगांमधल्या वाटेत उभी राहिली. मी दारातच थांबले. लूम कुणी बंद केले नाहीत. मालाची घाई होती आणि शेट गादीवर बसून बघत होता. चाळीसेक माणसं लूम चालू ठेवून माझ्या आईकडे बघत होती. बाबा आपल्या लूमवरून बघत होते. त्यांच्या शेजारचा लूम चालवणारा तेलंगणाचा म्हातारा, तिथला सगळ्यांत जुना कामगार, त्याने ओठ हलवले. भाभी, हमारा पैसा?

आईने तोंड उघडलं. ती एकदा बोलली, मग सगळ्यांकडे नजर फिरवून पुन्हा बोलली. मी दारातून स्पष्ट वाचलं. भरीन. मी भरीन.

म्हातारा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कपाळाला हात लावला, नमस्कार करतात तसा, आणि आपल्या लूमकडे वळला. एकेक करत सगळे वळले. कुणी शिवी दिली नाही, कुणी पिशवी हिसकावली नाही. आई तशीच उभी होती, जणू पुढे काय करायचं ते कुणीतरी तिला सांगणार होतं. मीच आत जाऊन तिचा हात धरला आणि तिला घरी आणलं.

घरी आल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. "तुला कुणी सांगितलं होतं भरीन म्हणायला? तू खाल्लेस का? खाणारा वेगळा आणि भरणारी तू? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशीणच फास घेऊन पुढे!" पाळी संपवून बाबा आले. तेही ओठांनी तेच म्हणाले. भरीन बोललीस, पण भरायचं कशातून? आई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. खूप वेळ. मग एवढंच म्हणाली, "बोलून गेली."

या 'बोलून गेली'चा मला पुढे कित्येक वर्षं राग होता.

नातेवाइकांनी रस्ते सुचवले. मामी म्हणाली, "दोन-चार महिने गावाला ये, लोक इसरतात." चाळीतल्या एका शहाण्याने सांगितलं, नाक्यावरून नको जाऊ, मागे गटाराच्या कडेने वाट आहे, तिथून ये-जा कर. आई म्हणाली, "मी कशाला गटाराच्या कडनी जाव? ज्यांनी खाल्ला ते गाडीतनं फिरतान नाक्यावर." आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता ती पिशवी घेऊन निघाली. तीच पिशवी, तेच कारखाने, तीच ओळ. फरक इतकाच की आता ती द्यायला जात होती. सकाळी तिने पुन्हा कांड्या भरायला घेतल्या होत्या, दुपारी दहा-बारा डबे करायची, आणि त्यातून जे उरेल ते एका घरी आज, दुसऱ्या घरी उद्या. कुणी म्हणालं, भाभी राहू दे, तर ती त्याच्या लूमच्या फळीवर नोट ठेवून पुढे जायची. लूमच्या आवाजात वाद घालता येत नाही, हा एक फायदा.

मी भिवंडीजवळच पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले. आठ तास उभं राहून दुसऱ्यांच्या मिक्सरना आणि चपलांना चिकटपट्टी लावायची. कॉलेजात मी एकांकिका करत होते, कल्याणच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, तिथे कुणीतरी सांगितलं की घोडबंदरला मालिकांची शूटिंगं चालतात आणि एका दिवसाचे गोडाऊनपेक्षा जास्त देतात. कलेची सेवा वगैरे माझ्या मनातही नव्हती. दिवसाचे जास्त देतात, म्हणून मी गेले. नाक्यावरून शेअर रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा. पहिलं वर्षभर मी ट्रे धरून उभी राहिले. चहाचा ट्रे, हळदीकुंकवाचा ट्रे, एकदा तर नुसताच ट्रे, कारण कप आणायला प्रॉडक्शनवाला विसरला होता.

पहिला संवाद मिळाला तेव्हा फजिती झाली. "बाईसाहेब, पाहुणे आलेत," इतकंच वाक्य. मी बोलले आणि साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून फेकले. लूमच्या भिंतीलगत वाढलेल्या माणसाला हळू बोलणं कुठून येणार? दिग्दर्शक म्हणाला, "पाहुणे आलेत, दरोडा नाही पडला." सगळा सेट हसला. आवाज उतरवला तर तोंड जास्त हलू लागलं. "तुझ्या भुवया वेगळं मानधन मागतील," तो म्हणाला. पुन्हा हशा. कलाकार पुरवणाऱ्या एका समन्वयकाने बाजूला घेऊन समजावलं, घर कुठे विचारलं तर ठाणे सांग, भिवंडी म्हटलं की लोकांना गोडाऊन आणि ट्रॅफिक आठवतं. मी म्हटलं, "मला पण तेच आठवतं, मी तिथूनच आलेय." त्याने महिनाभर मला काम दिलं नाही. मी परत चिकटपट्टीला गेले. पण ठाणे सांगितलं नाही. आज ठाण्यात राहते, तरी सांगत नाही.

मग तो काचेचा प्रसंग आला. मालिकेत हॉस्पिटलचा सेट होता. नायिका काचेच्या आत, मी, म्हणजे तिच्या घरची कामवाली, काचेच्या बाहेर. आत आवाज जात नाही, आणि मला तिला सांगायचंय की मूल सुखरूप आहे, घरी आहे, रडू नकोस. संहितेत लिहिलं होतं, 'खाणाखुणा करते'. तालमीत मी खाणाखुणा केल्याच नाहीत. मी काचेजवळ गेले आणि बाबांशी बोलते तशी बोलले. आवाज शून्य. मूल घरी आहे. जेवलंय. झोपलंय. तू रडू नको. आतली नायिका खरंच रडायला लागली. दिग्दर्शकाने कट म्हटलं नाही. मग माझ्या भुवयांवर हसणारा तोच माणूस विचारत होता, "हे कुठे शिकलीस?" मी सांगितलं. तो हसला नाही. त्यानंतर त्याने माझ्यासाठी भूमिका लिहून घेतली, आणि तिथून एकातून एक कामं येत गेली. मोठी भूमिका मिळायला आणखी सहा-सात वर्षं लागली. मधे दोनदा मालिका अर्ध्यात बंद पडल्या, एका निर्मात्याने चेक दिला तो परत आला. पण आईच्या पिशवीत आता दर महिन्याला माझंही काही पडत होतं, आणि एकेका कारखान्याची ओळ पुरी होत होती.

एका मालिकेतल्या थोरल्या जाऊबाईने मला घराघरांत नेलं. नाक्यावर रिक्षावाले पैसे घेईनात. त्याच सुमारास जाहिरात आली. मोबाईलवरची कुठलीशी योजना होती, रोज थोडे थोडे भरा, वर्षाने भरघोस मिळवा. गुळगुळीत ऑफिसात, थंडगार एसीत, एका सुटातल्या तरुणाने मला सांगितलं, "मॅडम, कामगार वर्गात तुमचा चेहरा फार चालतो. लोक तुमच्याकडे बघून पैसे भरतील." मला बोलायचं वाक्य त्याने कागदावर दिलं. 'माझ्यावर विश्वास आहे ना? मग यांच्यावरही ठेवा.' मानधन इतकं होतं की आईच्या यादीतली उरलेली सगळी नावं एका दिवसात पुरी झाली असती. मी हे लपवत नाही, मला मोह झाला. मी तो कागद दोनदा वाचला.

मग विचारलं, "बुडालं तर?"

"मॅडम, खाली बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. जोखीम वगैरे."

"मग तेवढी बारीक अक्षरंच मला द्या. मी तेवढीच बोलते."

तो हसला. मी हसले नाही तेव्हा त्याने शेजारच्याकडे बघितलं. मी कागद टेबलावर ठेवला, कुणी समोर ठेवलेलं काजूचं बिस्कीट उचललं आणि निघाले. बिस्कीट रिक्षात खाल्लं. हातची लक्ष्मी लाथाडली म्हणून माझं काम बघणारा माणूस दोन महिने माझ्याशी बोलला नाही. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बरा केलास. आपला हळूहळू चाललंय ना, चालू दे." आणि मला पुन्हा तो जुना राग आला. हळूहळू म्हणजे किती? ज्यांनी पैसे खाल्ले त्यांच्यातल्या एकाच्या मुलाचं लग्न त्याच आठवड्यात खाडीजवळच्या मोठ्या हॉलमध्ये झालं होतं, रस्ताभर दिव्यांच्या कमानी लावून. आणि माझी आई हळूहळू भरत होती, का, तर एकदा बोलून गेली म्हणून.

गेल्या वर्षी माझा पहिला मोठा सिनेमा पुरा झाला. त्यात मी भाड्याच्या खोलीत राहणारी एक विधवा आहे. भाडं थकलंय, मालक सामान बाहेर काढतोय, आणि मी दारात उभी राहून म्हणते, "मी मरीन, पण जाणार नाही." चित्रीकरण झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डबिंगच्या वेळी दिग्दर्शिकेचं मन बदललं. म्हणाली, "ही बाई मरायच्या गोष्टी कशाला करेल? मला तिच्या तोंडी दुसरं काहीतरी हवंय." पण चित्र तर होऊन गेलेलं. पडद्यावर माझे ओठ जे बोललेत त्यावर बसेल असाच शब्द पाहिजे. डबिंगचा म्हातारा तंत्रज्ञ काचेपलीकडून म्हणाला, "करीन चालणार नाही, ओठ मिटलेले दिसतायत. प, ब, भ, म, यांतलं काहीही द्या, ओठांना फरक कळत नाही. मरीनचं भरीन करा. भाडंच थकलंय ना तिचं?"

दिग्दर्शिका खूश झाली. मी माईकसमोर उभी राहिले. पडद्यावर माझे ओठ हलले आणि मी बोलले, "मी भरीन, पण जाणार नाही." एका टेकमध्ये बसलं. कुणालाही पत्ता लागला नसता.

मी म्हटलं, पुन्हा लावा. आवाज बंद करून लावा. पडद्यावरच्या त्या बाईने ओठ मिटले, उघडले. मला ठाऊक होतं की ती मरीन म्हणतेय, कारण ते मीच म्हटलं होतं. तरी मला भरीन दिसत होतं. कारखान्यात हिंदीही चालायची, म्हणून मी मनात हिंदीतही करून पाहिलं. मरूँगी, भरूँगी. तिथेही तेच. "अजून एकदा," मी म्हटलं. तंत्रज्ञाने चार वेळा लावलं, मग विचारलं, बरं वाटत नाही का. मला दाराच्या चौकटीत उभी असलेली मी दिसत होते, आणि रांगांच्या मधे उभी असलेली आई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामतघरला गेले. मी त्यांना ठाण्याला चला म्हणून किती वेळा सांगितलं, दोघं येत नाहीत. बाबा टीव्हीसमोर बसले होते, माझी मालिका लागली होती. ते आवाज पूर्ण बंद करून बघतात आणि माझं प्रत्येक वाक्य त्यांना कळतं, बाकीच्या नटांचं निम्मंसुद्धा कळत नाही, अशी त्यांची तक्रार असते. आई ओट्याजवळ खाली बसून सुकट निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, पतपेढी बंद झाली त्या दिवशी कारखान्यात तू काय बोललीस?"

तिने मान वर केली. बाबांकडे एकदा बघितलं. मग आवाज न काढता, ओठांनीच, मला उत्तर दिलं. ओठ मिटले, उघडले. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दोन्हींतला कुठला शब्द, मला सांगता येईना.

"आवाज काढ," मी म्हटलं.

"मरीन," आई म्हणाली. "मी मरीन, बोलली होती. खाडीवर जायचा ठरवूनच घरनं निघाली होती मी. म्हटलं, एकदा त्यांना तोंड दाखवून जाव."

सुकटीतला एक खडा तिने बाजूला टाकला. इतकी वर्षं मी जिच्यावर चिडत होते, ते वचन तिने दिलंच नव्हतं. मला रडू आलं, आणि राग आला, तो कुणावर ते मला अजून धड सांगता येत नाही. त्या शटरवरच्या शिक्क्यावर असेल.

"मग त्याच दिवशी सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच, लूमच्या वरचा आवाज लावून. "मरीन म्हणाले होते, भरीन नाही, असं का नाही सांगितलंस?"

"कोनाला सांगू?" आई म्हणाली. "तो म्हातारा कपालाला हात लावून वळला. सगळे वळले. घरी आली तर तू बोललीस, भरीन का बोललीस. तुजा बाप पण तेच बोलला. येवढ्या मानसांनी एकदम चुकीचा वाचला आसंल का?"

तिने ताट उचलून सुकट पाखडली.

"मना वाटला, मीच चुकीचा बोलली."